ऑर्गनमागची बायनाबाई

बीडच्या धोंडीपुऱ्यात तेव्हा लोहारांची चार घरं होती. त्यातल्या शेवटच्या घरात बायनाबाई नांदायला आली ती अकराव्या वर्षी. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूनं तिला भात्यापाशी नेलं, दोरी हातात दिली आणि म्हणाली, "ही सोडू नको. बाकी समदं आपोआप येतंय."

तिनं ती सोडली नाही. नवरा म्हाळू ऐरणीवर आणि बायनाबाई भात्यावर, अशी वीस वर्षं गेली. नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी, गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा, सगळं त्या दोघांच्या हातून गेलं. विस्तवाकडं न बघता, नुसत्या वाऱ्याच्या आवाजावरून तिला कळायचं की लोखंड आता लाल झालं, आता पिवळं झालं. भात्याचं कातडं कुठं कोरडं पडलंय, कुठं टाका उसवलाय, हेही तिला कानानंच कळायचं. मग ती स्वतःच तेल पाजायची, स्वतःच शिवायची. म्हाळू गिऱ्हाइकांना सांगायचा, "भाता माझा न्हाई बाबा, तिचा हाय. मी नुसता त्याच्याम्होरं बसतो."

फसली तेराशे अठ्ठावीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अठरा सालाच्या शेवटाला मुलखात मानमोडीच्या तापाची साथ आली. म्हाळू तीन दिवसांत गेला. पदरी पोर नव्हतं. धाकट्या दिरानं, धोंडीरामानं, ऐरण सांभाळली आणि बायनाबाई पुन्हा भात्यावर बसली, कारण दुसरीकडं बसायला जागाच नव्हती. पण तिचं बोलणं थांबलं. विचारलं तर हो किंवा न्हाई, एवढंच. धोंडीरामाची बायको कडूबाई तोंडानं फटकळ होती; जावाजावांचं रोज एकदा तरी वाजायचं. आता कडूबाईनं कितीही टोचलं तरी समोरून उत्तर येईना. कडूबाई शेजारणींना म्हणायची, "भांडत न्हाई गं ती. भांडत न्हाई म्हणून मला झोप लागंना."

हे मला कडूबाईच्या मुलीनं, शिवकन्याबाईंनी सांगितलं. त्या लग्न होऊन आमच्या चौसाळ्याला आल्या आणि मी तिथल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचो, म्हणून आमची ओळख. पुढची गोष्ट घडली तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या, पण त्यांना सगळं लख्ख आठवायचं.

म्हाळू गेल्याला वर्ष उलटलं. माघ महिन्यात बीडला हंसवाहिनी संगीत मंडळी नाटकं घेऊन आली. आगगाडी बीडला नव्हतीच. नगरहून जामखेडमार्गे अकरा बैलगाड्या निघाल्या होत्या. कपड्यांच्या पेट्या, गुंडाळलेले रंगीत पडदे, बत्त्या, आचाऱ्याची भांडी आणि चाळीसेक माणसं. असल्या मोठ्या मंडळ्या पुण्या-मुंबईकडं, फार तर औरंगाबादेपर्यंत जायच्या. बीडकडं वळायला कुणाला कारण नव्हतं. या मंडळीला होतं. तिचे ऑर्गन वाजवणारे आसाराम मास्तर धर्मापुरीचे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले. त्यांनी मालकांना गळ घातली होती, "आमच्या मुलखात माणसं गाण्याला उपाशी आहेत. एकवीस दिवस द्या. मला एकदा माझ्या माणसांपुढं वाजवू द्या." मालकांनी मान्य केलं. कचेरीतून परवाना आला, वेशीबाहेरच्या मैदानात मांडवाचे खांबही उभे राहिले.

आणि गाव हाताशी आलेलं असताना बिंदुसरा नदीच्या उतारावर एका गाडीच्या चाकाची धाव निखळली. नेमकी तीच गाडी, जिच्यात ऑर्गन होता. मास्तर ऑर्गनला मिठी मारून बसले होते. गाडी कलंडली, ऑर्गन गुडघाभर पाण्यात पडला आणि मास्तरांचा उजवा पाय त्याच्याखाली सापडला. नडगी मोडली.

चाक धोंडीरामाकडं आलं. मास्तरही तिथंच आले, कारण हाड बसवणारा सटवा धनगर बाजाराच्या दिवशी लोहाराच्या पडवीतच बसायचा. मेंढीचं हाड बसवावं तसं त्यानं मास्तरांचं हाड बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, "दीड महिना पाय जमिनीला लावायचा न्हाई. लावला, तर म्होरं जल्मभर काठी."

मास्तरांना त्या दुखण्याचं काही नव्हतं. त्यांनी बाजेवर पडल्या पडल्या ऑर्गन समोर ठेवायला लावला. मंडळीतल्या एका माणसाला खालचे पायानं दाबायचे पायटे मारायला सांगितले आणि हात लांब करून एक पट्टी दाबली. आतून दमेकऱ्यासारखा नुसता फुसकारा आला. दुसरी दाबली. तेच.

मालक डोक्याला हात लावून उभे राहिले. पुण्याहून दुसरा ऑर्गन मागवायचा तर महिना जाणार. मास्तर कुणाकडं बघेनात. "माझ्यामुळं आलात तुम्ही इथं," ते एवढंच म्हणाले.

तेव्हा भात्यापासून आवाज आला.

"त्याच्या पोटात फाटलंय. दोन जागी. एक म्होरं, एक खाली कोपऱ्यात."

धोंडीरामाचा घण हवेतच थांबला. वर्षभरात बायनाबाई आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. कडूबाई परातीतलं पीठ तसंच टाकून दारात आली.

मास्तरांनी मान वळवून त्या बाईकडं पाहिलं. डोक्यावर पदर, काळवंडलेले हात, कपाळ रिकामं. दुसरा कुणी असता तर हसला असता. मास्तरांनी विचारलं, "कशावरून म्हणता, बाई?"

"वारा दोन तोंडांनी पळतोय. ऐकू येतंय की."

"उघडा," मास्तर आपल्या माणसांना म्हणाले. "मागची फळी काढा."

फळी काढली. आतल्या भात्याचं रबरी कापड जुनं होतं, पडल्यावर ते दोन ठिकाणी चिरलं होतं. एक पुढच्या अंगाला, एक खाली कोपऱ्यात. बायनाबाईनं हात धुतले, पदर खोचला, आत हात घालून चाचपलं आणि पायट्याचा पट्टा हळूच ओढून बघितला. मग तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य आलं.

"ह्यो उलटा हाय, मास्तर. आमचा भाता वारा भाईर टाकतो. ह्यो आत वढतोय."

मास्तर बाजेवर उठून बसायला गेले आणि कळ येऊन परत आडवे झाले. "बाई, ही गोष्ट मला उमगायला दोन वर्षं लागली होती," ते म्हणाले.

सटवाकडं कमावलेलं करडाचं एक कातडं होतं. दूधपितं करडू हिवाळ्यात दगावलं होतं. त्याचं कातडं बाभळीच्या सालीत कमावून सटवानं स्वतःच्या बटव्यासाठी ठेवलं होतं. बायनाबाईनं मागितलं तर त्यानं झटकन काढून दिलं. "बटवा काय, कवाबी हुईल," म्हणाला. तिनं ते काचेच्या तुकड्यानं खरवडून पिंपळाच्या पानासारखं पातळ केलं, तेल आणि मेण एकत्र गरम करून चोळलं, सरसानं चिकटवलं आणि कडेनं बारीक टाके घातले. तीन दिवस ती चुलीकडं फिरकली नाही. भात्यावर कडूबाई बसली आणि पहिल्याच दिवशी तिनं धोंडीरामाची एक कुऱ्हाड जाळली.

मास्तर बाजेवरून बघत होते. भिजलेले पितळी सूर त्यांनी एकेक करून काढायला लावले. सूर म्हणजे बोटाएवढ्या पितळी चौकटीत बसवलेली पातळ जीभ. वारा लागला की ती थरथरते आणि आवाज येतो. ते कापडावर मांडले आणि उघडा ऑर्गनही त्यांच्याशेजारी सावलीतच सुकत ठेवला. "उन्हात नको, लाकूड तडकेल," मास्तर म्हणायचे आणि प्रत्येक सुराचं नाव सांगायचे. शिवकन्या ते सूर राखायला बसली होती. कोंबडी आली की हाकलायची.

चौथ्या दिवशी सकाळी ऑर्गन बोलला. गल्लीतली माणसं धावत आली. पण मास्तरांचा चेहरा उतरलेलाच राहिला, कारण आता दुसरी अडचण पुढं आली. ऑर्गन वाजवणारा दोन्ही पायांनी पायटे मारतो आणि हातांनी वाजवतो. मास्तरांचा पाय कामट्यांत होता. मंडळीतल्या तीन गड्यांनी खाली बसून हातानं पायटे दाबून बघितले. एक जण जोर लावी, मग थकून सोडी. सूर उचकी लागल्यासारखा फुगायचा आणि बसायचा. गाणारा अशा सुरावर उभा राहू शकत नाही.

बायनाबाईनं पायट्यांच्या पट्ट्यांकडं बघितलं. "भावजी, ह्यांना दोऱ्या बांधून मागनं काढल्या तर?" ती धोंडीरामाला म्हणाली. धोंडीरामानं मागच्या अंगाला लोखंडी आडवी दांडी आणि दोन कड्या बसवून दिल्या. दोऱ्या त्यातून बाहेर आल्या. ती मागं जमिनीवर बसली, दोन्ही हातांत दोन दोऱ्या घेतल्या आणि ओढू लागली, एक संपायच्या आत दुसरी.

मास्तरांनी षड्ज धरला. तो हलला नाही. ते बोट उचलेनात. कितीतरी वेळ तो एकच सूर त्या पडवीत उभा राहिला, आणि मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"धोंडीराम," ते म्हणाले, "तुमच्या वहिनीला एकवीस दिवस आमच्याकडं पाठवाल?"

धोंडीराम भला माणूस होता, पण गावाला भिणारा. नाटकाच्या मांडवात तेव्हा घरंदाज बाया बघायलासुद्धा जात नसत, आणि ही तर नवरा मेलेली बाई. तो हातातला चिमटा उगाच इकडून तिकडं ठेवत राहिला. "लोकं काय म्हणतील, मास्तर? उद्या आमाला गावात ऱ्हायचंय."

उत्तर दिलं ते कडूबाईनं. "लोकं? ती वर्सभर मुकी बसलीवती तवा कुठं गेलती लोकं? एक जण आला न्हाई इचारायला. जाऊ द्या तिला. मी बसते तिच्यासंगं, मग तर झालं?"

बायनाबाई जावेकडं वळली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा भांडल्यासारखं म्हणाली, "तू येऊन काय करशील? कुऱ्हाड जाळशील."

कडूबाई हसली ती डोळे पुसतच.

मांडवात रंगमंचाच्या उजव्या हाताला ऑर्गनची जागा होती. त्याच्या मागं मालकांनी कनातीचा एक आडोसा करून दिला. आत घोंगडी अंथरली. दोघी जावा संध्याकाळी मागच्या बाजूनं यायच्या आणि आत बसायच्या. लोकांना दिसायचे ते फक्त मास्तर, पाय स्टुलावर लांब केलेले. समोरचा खेळही त्या दोघींना दिसायचा नाही. रंगमंचाची एक कड आणि कधी कुणाचा शेला, एवढंच. पण ऐकू सगळं यायचं.

सकाळी तालमी व्हायच्या. मास्तरांनी तिला पहिल्या दोन दिवसांत एवढंच शिकवलं की सूर बारीक असतो तेव्हा कमी वारा लागतो, भरला असतो तेव्हा जास्त. बाकी तिनं स्वतः शोधलं. मंडळीत नायिकेचं काम करणारा बंकट म्हणून एक गोरा, नाजूक बांध्याचा नट होता. त्याचा आवाज मोठा गोड, पण छाती लहान. लांब तान घेताना तो शेवटी कापायचा. बायनाबाई त्याचा श्वास ऐकायची. तो दम घ्यायला थांबला की ती दोरी किंचित सैल सोडायची. तो पुन्हा उठला की त्याच्यासंगं उठायची. पाचव्या दिवशी खेळ संपल्यावर बंकट लुगडं नेसलेलाच, तोंडावर रंग तसाच, कनातीआड आला आणि वाकून म्हणाला, "बाई, आज माझी तान पहिल्यांदा पुरी झाली. मला वाटलं, मागून कुणीतरी हात दिला."

कडूबाई त्याच्याकडं बघत राहिली. घरी जाताना म्हणाली, "पुरुष हाय की गं त्यो! आन् पदर माझ्यापरीस चांगला घेतोय."

गावात कुजबुज झालीच. लोहाराची विधवा नाटकवाल्यांत बसते, म्हणून एक जण धोंडीरामाला भर पडवीत बोलला. "कावून पाठवतोस रं तिला?" धोंडीराम तोवर धीट झाला होता. त्यानं घण खाली ठेवला. "माझी वैनी वारा देती. इथं तुझ्या फाळाला देती, तिथं गाण्याला. फाळ न्यायचा असंल तर ने, न्हाईतर ऱ्हाऊ दे." बोलणारा फाळ घेऊन गेला.

पंधराव्या दिवशी मालकांनी दुपारी फक्त बायकांसाठी खेळ ठेवला. नळ-दमयंतीचा. बीडच्याच नव्हे, आसपासच्या गावांतल्या बाया गाड्या जुंपून आल्या. चौसाळ्याहून तीन गाड्या आल्या. पहिल्या गाडीत साखराबाई होत्या, पाटलांच्या घरच्या थोरल्या, सत्तरीच्या. दमयंतीला रानात एकटीला टाकून नळ निघून जातो, त्या प्रवेशात बंकट गाऊ लागला आणि मांडवातल्या बाया पदरात तोंड घालून रडल्या. कनातीमागं बायनाबाईही रडत होती. म्हाळू गेल्यावर न आलेलं सगळं पाणी तिला त्या दुपारी आलं. हात मात्र थांबले नाहीत. कडूबाई तिचे डोळे आपल्या पदरानं पुसत होती, कारण तिचे दोन्ही हात दोऱ्यांत अडकलेले.

खेळ संपला आणि मास्तरांनी हात वर केला.

"माझ्या आयाबहिणींनो," ते म्हणाले, "पंधरा दिवस तुम्ही आणि तुमची माणसं माझं नाव घेताय. माझा तर पाय मोडलाय. तुम्ही ऐकलं ते जिच्या दमावर, ती बाई इथं मागं बसलीय. तुमच्याच गावची आहे."

कनात बाजूला झाली. बायनाबाई उठेना. कडूबाईनं तिला ओढून उभी केली. बायकांत कुजबुज उठली. कुणीतरी म्हणालं, "अगं, ही तर म्हाळू लोहाराची." तिच्या रिकाम्या कपाळाकडं बघून पुढच्या दोघी-तिघींनी नजर खाली केली.

साखराबाई काठी टेकत पुढं आल्या. त्यांनी आपल्याबरोबर देवीला वाहायला आणलेला खण आणि नारळ पुढं केला. बायनाबाईनं मागं सरून हात जोडले. "नगं, आईसाब. मला न्हाई चालत."

"मला तरी कुठं चालतंय?" साखराबाई म्हणाल्या. "मी बी तीस वर्सं तसलीच हाय. दोघींचं आता कोण काय बिघडवणार? पदर पसर."

तिनं पदर पसरला. मग एकेक बाई पुढं येऊ लागली. कुणी लिंबू दिलं, कुणी गूळ, कुणी आपल्या घरची भुईमुगाची शेंग. पदर भरला तसा कडूबाईनंही आपला पसरला आणि जावेचं ओझं वाटून घेतलं.

जाता जाता साखराबाईंनी विचारलं, "आमच्या देवळात एक हातपेटी हाय. उंदरांनी भाता खाल्लाय, दोन सालं मुकी पडलीय. तुला जमंल का गं?"

बायनाबाईनं मास्तरांकडं बघितलं. मास्तर म्हणाले, "जमेल. राहिलेल्या दिवसांत मी शिकवतो."

आणि शिकवलं. चौसाळ्याहून ती पेटी आली. रोज सकाळी मास्तर बाजेवर आणि बायनाबाई समोर. जीभ टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. घाई केली तर जीभ मोडते आणि मोडलेली पुन्हा जुळत नाही. तिला अक्षर येत नव्हतं, सरगम कधी ऐकली नव्हती. पण दोन सूर जवळ आणले की त्यांच्यात जी थरथर उठते, ती तिला मास्तरांच्या आधी ऐकू यायची. "हाय अजून," ती म्हणायची. मास्तर कान लावायचे, मान हलवायचे, "आहे खरी." थरथर निघून दोन्ही सूर एक झाले की मास्तर पुढच्या पट्टीवर बोट ठेवायचे.

एकविसाव्या दिवसानंतर मंडळी गाड्या जुंपून निघाली. मास्तरांची धर्मापुरीला जायची इच्छा राहून गेली. पायामुळं त्यांना थेट पुढच्या मुक्कामाला न्यावं लागलं. निघताना त्यांनी तिला आपली खरवडायची हत्यारं दिली, जुन्या सुरांचा एक डबा दिला. धोंडीरामानं ऑर्गनच्या दांड्यांना तेल दिलं. दोऱ्या ओढायला मंडळीतला एक दणकट गडी तिनं तयार करून दिला होता. बरा होता, असं ती म्हणायची; फार बरा नाही.

चौसाळ्याची पेटी बोलू लागली. मी लहानपणी हात ठेवला तो त्याच पेटीवर. साखराबाईंच्या तोंडून नेकनूरला कळलं, तिथून नारायणगडाखालच्या गावांना. दर जत्रेच्या आधी धोंडीरामाच्या पडवीत पेट्यांची रांग लागायची, नांगराच्या फाळांशेजारी. भाता ओढायला धोंडीरामानं एक गडी ठेवला आणि बायनाबाईला पडवीची उजेडाकडची बाजू दिली. तिच्या शेजारी शिवकन्या बसायची. कडूबाई पेट्या घेऊन येणाऱ्यांना दारातच सांगायची, "घाई कराल तर न्या परत. तिला घाई खपत न्हाई." दोघी जावा पुन्हा रोज भांडायच्या. शेजारणी सांगतात, त्या घरातून भांडण आणि पेटीचा सूर एकाच वेळी ऐकू यायचा.

तेरा-चौदा वर्षांनी धर्मापुरीकडून एक माणूस पेटी घेऊन आला. बोलता बोलता म्हणाला, "आमच्या गावात एक म्हातारे गाणेवाले आलेत परत. मंडळी मोडली त्यांची. बोलपट आल्यापासून नाटकाला कोण जातंय? दमा हाय. पडूनच असतात."

बायनाबाईनं नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी धोंडीरामाला गाडी जुंपायला लावली. शिवकन्या तेव्हा माहेरी आली होती, तिलाही घेतलं, आणि धर्मापुरीच्या देवळातून आलेली ती पेटीही गाडीतच ठेवली. मोमिनाबादवरून चार दिवसांची वाट.

मास्तर पुतण्याच्या घरी ओसरीवर होते. अंगात हाडंच उरली होती. बायनाबाई उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "मास्तर, मी बीडची. लोहाराची बायना."

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. मग म्हणाले, "पाय चांगला बसला बरं का. काठी लागली नाही."

ती हसली. मग तिनं त्यांना गावांची नावं सांगितली. चौसाळा, नेकनूर, लिंबागणेश, नारायणगडाखालची तीन गावं, केज, आता धर्मापुरी. कुठल्या देवळात कुठली पेटी, कुणाचा मध्यम दर पावसाळ्यात उतरतो, सगळं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, "मास्तर, तवा मी मेल्यावानीच होते. तुमी नसता आलात तर भात्यापाशीच एक दिवस विझले असते. तुमचे उपकार लई हायेत. सांगायचं ऱ्हाऊन गेलतं, म्हणून आले."

"उपकार?" मास्तर उठून बसायला लागले, शिवकन्येनं पाठीला हात दिला. बोलताना त्यांना मधे मधे थांबावं लागत होतं. "पन्नास वर्षं वाजवलं मी. सगळा जन्म दोन कामं एकदम केली, पायानं वारा आणि हातानं सूर. ध्यान कायम अर्धं पायाकडं. फक्त एकवीस दिवस असे मिळाले की मी नुसते सूर केले. पुऱ्या ध्यानानं. तसं मी आधी वाजवलं नाही आणि नंतरही नाही. तू मला काय दिलंस ते तुला ठाऊक नाही, बाई."

बायनाबाईनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

तिघंही दोन दिवस तिथं राहिली. बायनाबाईनं देवळातली ती पेटी मास्तरांच्या ओसरीवर बसूनच नीट केली आणि शेवटचा सूर शिवकन्येकडून लावून घेतला. मास्तरांनी कान देऊन ऐकलं. "हिचाही कान चांगला आहे," ते म्हणाले. शिवकन्याबाई हे वाक्य सांगताना ऐंशीव्या वर्षीही लाजायच्या.

परतीच्या वाटेवर केजच्या अलीकडं एका पारापाशी चार माणसांनी गाडी अडवली. त्यांच्यातला एक जण गाडीत वाकून म्हणाला, "पेटीवाल्या बाई तुमीच का? तुमी ह्याच वाटंनं परतणार म्हणून कळलं, सकाळपासून वाट बघतोय. उद्या आमच्याकडं सप्ता बसतोय आन् पेटी आवाजच देईना."

धोंडीराम कुरकुरला. बैल थकले होते, अजून दोन मुक्काम बाकी होते. बायनाबाई तोवर खाली उतरली होती.

"आणा इकडं," ती म्हणाली. "आन् शिवकन्ये, तू बी उतर. उजेड हाय तवर बघून टाकू."